साडेपाचची फेरी

दाभोळहून धोपाव्याला जाणारी साडेपाचची फेरी.
मी तिकिटं फाडतो.
दोन टेम्पो, एक रिक्षा, नऊ मोटरसायकली,
आणि कठड्याला टेकून गफूर बामणे,
बावीस वर्षं जहाजाच्या भटारखान्यात कांदे चिरून
परत आलेला. येताना आणलं काय,
तर कंबरदुखी आणि दोन नोटांचा खेळ.

खेळ असा:
तुमची शंभराची, जांभळट, घडी करून तुमच्या मुठीत.
त्याची दहाची, तपकिरी, त्याच्या मुठीत.
"घट्ट धरा हां. झाकली मूठ सव्वा लाखाची."
मग एक फुंकर,
खाडीच्या वाऱ्याकडून उसनी घेतल्यासारखी,
आणि मुठी उघडल्या की
दहा तुमच्याकडे, शंभर त्याच्याकडे.
माणसं आपल्याच तळहाताकडे अशी बघतात
जसा तो चुकून दुसऱ्याचा घालून आलेत.

शंभर तो परत देतो. नेहमी देतो.
एकदा एक चिरेवाला म्हणाला, राहू दे तुला,
तेव्हा गफूरचं तोंड एवढंसं झालं होतं.

मी रोज बघतो, हातभर अंतरावरून,
आणि रोज चुकतो.
कधी वाटतं डावा अंगठा, कधी बाही,
तेवढ्यात कुणीतरी सुट्टे मागतं.

त्या दिवशी शेवंती पावसे चढली,
रिकामी पाटी, कमरेला पैशांची पिशवी.
"वहिनी, एक शंभराची."
तिने दिली. घडी झाली. मूठ मिटली.
गफूरने गाल फुगवले न फुगवले
तोच तिने मूठ नाकाशी नेली.
"ही माझी नाय."
"अजून व्हायचंय, वहिनी."
"व्हायचंय कसलं? झालंय कवाच.
माझ्या नोटेला बांगड्याचा वास हाय. हिला..."
पुन्हा हुंगलं.
"हिला तंबाखूचा."

अख्खी बोट हसली.
गफूरच्या गालात ती फुंकर तशीच राहिली,
सोडावी की गिळावी.
आणि इतक्या फेऱ्यांनंतर मला कळलं:
अदलाबदल आधीच उरकलेली असते,
आपण अजून "घट्ट धरा" ऐकत असतो तेव्हाच.
फुंकर नंतरची. आपल्या समाधानाची.

दुसऱ्या दिवशी गफूर नाही. तिसऱ्याही नाही.
चौथ्या दिवशी आला, तो जेटीवरूनच कळला.
खिशातल्या सगळ्या नोटा
तीन रात्री सुक्या जवळ्याच्या डब्यात.
बायकोने डबा आणि नवरा
दोन्ही पडवीत काढले, असं त्यानेच सांगितलं.
टेम्पोवाल्यांनी नाकाला रुमाल लावले.
तो सरळ शेवंतीसमोर.
"वहिनी, एक शंभराची."

मूठ मिटली.
तिने हुंगलं. थांबून पुन्हा हुंगलं.
आता ओला बांगडा कुठे नि सुका जवळा कुठे,
बाजारात हयात गेलेल्या बाईला
हे काय नाकाला सांगावं लागतं?
गफूर तिच्याकडे बघत होता,
निकालाच्या दिवशी पोर बघतं तसा.

"मार फुंकर," ती म्हणाली.

त्याने मारली.
तिने एकेक बोट उघडलं, करंगळीपासून, सावकाश.
दहाची.
"अगो बाय!" ती एवढ्याने ओरडली
की कठड्यावरचा बगळा उडाला,
रिक्षातलं तान्हं मूल जागं झालं,
आणि गफूर बामणे, वय एकसष्ट,
कंबर विसरून उभा ताठ.

धोपाव्याला लोखंडी फळी खाली पडली,
गाड्या उतरल्या.
शंभर कमरेला खोचून, पाटी डोक्यावर घेत
शेवंतीने तिकिटाचे म्हणून
तीच दहाची माझ्या हातावर ठेवली
आणि माझ्याकडे अशी बघितली
की मी गप्प.

रात्री गल्ला भरायला गेलो.
मॅनेजर म्हणाला, हे पैसे आज
जाळ्यातून काढलेस काय रे?
हिशेब जुळत होता. मोजून दाखवला.