खिशाचं अस्तर

ओस्लोहून पाकीट आलंय, आत चार पानी प्रश्नावली.
निवृत्तांची मतं हवीत म्हणे समितीला.
प्रश्न सातवा: माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यानं
शस्त्र बाळगावं का? कारवाईत उतरावं का?
पुढे दोन चौकोन. हो. नाही.
आणि कारणासाठी दीड ओळ मोकळी.

दीड ओळीत काय मावणार, सिव्हर्ट?
तू नवा आहेस, तुला पाकीट आलं नसेल.
पण परवा फोनवर तू हेच विचारलंस,
जरा लाजत, जसा कुणी पगार विचारावा.

ऐक.
किर्केनेसच्या धक्क्यावर मी अकरा हिवाळे काढले.
कागदोपत्री खेकड्यांच्या निर्यातीची कारकून.
बोटांना कायमचा खारट वास,
मांजर सोडून कुणी त्या हातांशी लगट करत नसे.
महिन्यातून एकदा वेनियामिन यायचा,
गंजक्या ट्रॉलरवरचा, इंजिनात तेल घालणारा.
दाढ दुखतेय म्हणायचा, आणि खरंच दुखत असायची.
मी लवंगतेल न्यायचे.
तो बोलायचा बायकोचं, बटाट्यांचं,
आणि मध्येच, कपात साखर ढवळताना,
कुठल्या खाडीत रात्री दिवे विझवून
कोणती बोट उभी असते, ते.
मी विचारायचे नाही काही.
विहिरीत वाकून ओरडलं तर आपलाच आवाज परत येतो;
पाणी हवं तर दोर हळू सोडावा लागतो.

मग ओड्वार गेला.
गाडी सापडली, दिवे चालू, थर्मासमध्ये कॉफी कोमट.
तो स्वतः सापडला मे महिन्यात, बर्फ उतरल्यावर.
जवळ एक पेन, आणि पायात
मुलीनं विणलेले मोजे, एक दुसऱ्याहून लांब.
साहेब दफनभूमीतच म्हणाले, आता पुरे.
आठवड्याभरात मला पिस्तूल मिळालं.
सातशे वीस ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर
मी ते तोललं, पीठ झटकून.
खोटं कशाला बोलू,
त्या रात्री मला गाढ झोप लागली.

डिसेंबर. सूर्य नव्हता, तिथे तेव्हा नसतोच.
वेनियामिन दाढ काढून आला होता,
गाल सुजलेला, तरी खुशीत.
निघताना त्यानं मिठी मारली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
आणि त्याचा हात माझ्या कोटाच्या उजव्या खिशाशी
थांबला.

सुटलेल्या गोळीचा आवाज सगळ्यांना ठाऊक असतो.
न सुटलेलीचा मी ऐकलाय.
"थंडी फार आहे आज," तो म्हणाला.
लवंगतेलाची बाटली टेबलावरच राहिली.
ट्रॉलर पुढेही आली, दर महिन्याला आली.
मी धक्क्यावरून माणसं मोजायचे.
त्यांत तो असायचा, दोरखंड गुंडाळत,
माझ्याकडे पाठ करून.

त्या खाडीत त्या हिवाळ्यात काय झालं
ते तुला सांगता येणार नाही.
एवढंच, की आम्हाला ते वर्तमानपत्रातून कळलं.

तू म्हणशील, मग 'नाही'वर खूण कर.
पण ओड्वारची मुलगी आता तुझ्या वयाची आहे,
माझ्याच गल्लीत राहते,
माझी पत्रं तीच पोस्टात टाकते.
आणि 'हो' म्हणावं तर
प्रश्नाचं शेपूट वाच: कारवाईत उतरावं का.
खिशात दिलंय म्हटल्यावर कधी ना कधी
खिसा विचारतोच, कशाला दिलंत?
कान म्हणून पाठवलेल्या माणसाला हात फुटतात,
आणि हात फुटले की तो ऐकतो कमी.
हे मी पोरांना शिकवायचे.
शिकवताना फार बरोबर वाटायचं.

पिस्तूल परत केलं, पावती आहे.
कोट अजून तोच. उजव्या खिशाचं अस्तर ओघळलंय,
दोनदा शिवलं, तरी किल्ली टाकली
की गुडघ्याशी सापडते.

सोमवारी पाकीट टाकायचंय.
दीड ओळीत आतापर्यंत लिहिलंय फक्त
सातशे वीस ग्रॅम.
पुढे अडलेय.
तू रविवारी ये, खेकडे उकडते.
आलास की कोट
बाहेरच्या खुंटीला अडकव.