मध्ये काहीतरी आहे

बाहेर उणे एकतीस.
खोक्यात सत्त्याण्णव.
नोमुन पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचते,
आजाऱ्याचा ताप वाचावा तसा,
आणि मी चहात मीठ घालायचं विसरते.

बारा मिनिटं चालतो, मग विझतो.
त्याआधी पंखा घुमायला लागतो,
तिसऱ्या वीजकेंद्रात रात्रपाळीला
बॉयलर दाबावर आला की घुमायचा तसा.
मग एकदम काळोख,
पोरीचा अर्धा निबंध त्यात.

खालच्या मजल्यावरचा बातनासान म्हणाला, धूळ.
होतीच.
उलानबातरची धूळ म्हणजे दळलेला कोळसा.
जुन्या टूथब्रशने खरवडून वर्तमानपत्रावर ठेवली,
तर काळ्या मेंढीची लोकर वाटावी एवढी.
आकडा दोनने उतरला.

मग म्हणाला, हवा कोंडतेय.
झाकण काढलं.
तरी तेच, तेव्हा चिडून मी ते उघडं धूड
खिडकीच्या फळीवर नेऊन ठेवलं
आणि दुहेरी काचांमधली लहान झडप उघडली.
थंडी आत आली, टेकडीवरच्या चुलींचा धूर घेऊन.
कुंडीतल्या जिरेनियमने तासाभरात मान टाकली.
आकडा पंच्याण्णव.

झडप लावली. धूड टेबलावर आणलं. बसले.

एकवीस वर्षं मी उष्णतेची चाकरी केली.
तिच्याबद्दल एवढं सांगू शकते:
ती हट्टी नसते. वाट दिसली की जाते.
जात नसेल तर तिला शिव्या देऊ नयेत,
वाट बघून यावी.

पंखा बोंबलत असतानाच
ॲल्युमिनियमच्या पात्यांना बोट लावलं.
नोमुन ओरडली, भाजेल!
गार होती.
भाजली असती तर बरं वाटलं असतं.
खाली पंच्याण्णव आणि वर गार पाती,
म्हणजे मध्ये काहीतरी आहे.

चार स्क्रू. समोरासमोरचे थोडे थोडे सोडवले,
झाकण तिरकं उचललं की काय होतं
ते मी बॉयलरवर पाहिलंय.

तामीरने हा जोडला त्या पहाटे
पाचचं विमान होतं कोरियाचं.
याच टेबलावर, अंगात कोट तसाच,
एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्यात अर्धं खाल्लेलं बूझ,
बोटं तुपकट.
"हा तुला बारावीपर्यंत पुरेल," बहिणीला म्हणाला,
आणि खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

तळ उलटा केला.
वाळून भेगाळलेल्या करड्या लेपाखाली
तांब्याला चिकटलेलं पातळ प्लास्टिक.
कडेला लाल अक्षरं:
लावण्यापूर्वी काढा.

नखाने सोललं. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं आलं,
आख्खं, न फाटता.
चार हिवाळे आम्ही म्हणत होतो
की यंत्राचा स्वभावच तापट.
बातनासान हसायला लागला.
मी त्याच्याकडे पाहिलं.
थांबला.

नारानतूल बाजारातून नवा लेप आणला,
तांदळाच्या दाण्याएवढा ठेवला,
दाबला, आवळला.
अडतीस.
नोमुनला विश्वास नाही, ती जे जे उघडता येईल ते उघडत सुटली.
एकोणसाठ. त्रेसष्ट.
तिथेच राहिला.
निबंधाचं शेवटचं पान तिने त्याच रात्री लिहिलं,
वाचून दाखवलं नाही.

रविवारी तामीरचा फोन.
वसतिगृहातल्या जिन्यात उभा, मागे कुणीतरी भांडी घासतंय.
पंख्याच्या वरताण बोलायची आम्हा सगळ्यांची सवय,
तो ओरडूनच म्हणाला,
"आई? आई, लाइन गेली का?"
आहे रे, मी म्हटलं.
"मग इतकं शांत का?"

नोमुनने माझ्याकडे पाहिलं.
प्लास्टिक चहाच्या डब्यात होतं,
का ठेवलं ते मलाही सांगता येणार नाही.

धूळ काढली, मी म्हटलं.
फार साचली होती.