दम खायची जागा

हॅलिफॅक्सच्या नकाशावर टेंटर हिल बोटभर.
खाली बसचा थांबा, वर दवाखाना,
मध्ये चारशे दहा पावलं.
डोरीन सटक्लिफनं मोजलीत,
काठी टेकत, दोनदा.
वर पोचेपर्यंत तिचं बीपी असं चढायचं
की नर्स म्हणायची, जरा बसा, मग बघू.
डोरीन म्हणाली, बसायचंच तर वाटेत का नाही?

एवढ्यावरून सगळं सुरू झालं.

कौन्सिलकडे बाक मागून झाला होता.
फुटपाथ अरुंद, उतार जास्त,
नियम अमुक, पोटनियम तमुक.
मग कुणीतरी म्हणालं, छोटं अनुदान असतं,
आरोग्यासाठी, लोकांनाच काही करायचं असेल तर.
मला खजिनदार केलं, कारण मी एकदा बोलून गेले
की सांगलीत सहकारी बँकेत नऊ वर्षं
किर्द लिहिली आहे.
तोंडानं ओढवून घेतलेलं काम.

अर्ज. प्रश्न चौथा:
प्रकल्पामुळे नेमका कोणता बदल घडेल?
मराठीत लगेच सुचलं, लोक दम खातील.
इंग्रजीत दम खाता येत नाही,
पकडावा लागतो,
सुटलेल्या कोंबडीसारखा.
दोन रात्री घालवून लिहिलं काहीतरी,
चालण्याचा आत्मविश्वास वगैरे.
सहाशे चाळीस पौंड मिळाले.

अकरा घडीच्या खुर्च्या, अडतीसच्या भावानं.
पिवळा रंग आणि ब्रश, शेहेचाळीस.
विमा एकशे वीस, खुर्चीवरून कुणी पडलं तर.
(खुर्ची नसल्यामुळे पडणाऱ्यांचा विमा नसतो.)
मंगळवारी आणि गुरुवारी
अकरा घरांनी दारात खुर्ची मांडायची.
एवढंच.

पहिल्या आठवड्यात कुणी बसलं नाही.
यॉर्कशरची माणसं. दुसऱ्याच्या दारात बसणं
म्हणजे मागायला आल्यासारखं.
मग नजाकत हुसेन,
गालिच्याच्या गिरणीत छत्तीस वर्षं काढलेले,
सात नंबरवर असे टेकले
जणू स्वतःचीच ओसरी.
आतल्या बाईनं पडदा सारला.
मग दार उघडलं.
मग किटली लावली.
(चहा-बिस्किटं: एक्कावन्न पौंड, अठ्ठ्याऐंशी पेन्स.)

ऑक्टोबरात सात नंबर गायब.
पोरांनी नेली, ट्रेव्हर म्हणाला.
मी वहीत 'गहाळ' लिहिलं, पेन्सिलीनं.
बँकेची सवय,
संशय शाईनं लिहू नये.

सापडली ती दवाखान्याच्याही वर, कब्रस्तानात,
भिंतीलगतच्या नव्या रांगेत.
नजाकतभाईंची झरीना तिथे आहे, मार्चपासून.
गुडघे वाकत नाहीत आता, ते म्हणाले,
आणि उभ्या उभ्या बायकोशी
किती वेळ बोलणार?
गुरुवारी परत आणणारच होतो.

खुर्चीचे मागचे पाय ओल्या गवतात रुतलेले,
त्यामुळे ती जराशी मागे रेललेली,
कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.
डोरीननं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग वर बघून म्हणाली,
पाऊस येतोय, निघू या.
खुर्ची कुणी उचलली नाही.

काल अहवाल भरला.
लाभार्थी किती?
एकसष्ट लिहिलं, आणि बराच वेळ तिथेच थांबले.
वयोगटाच्या कुठल्याच रकान्यात
झरीना बसत नव्हती.
खुर्च्या: अकरा. सर्व वापरात.
'गहाळ' खोडलं, पेन्सिलच होती.
शिल्लक चार पौंड बारा पेन्स.
विनियोग कसा करणार?

लिहिलं:
रबरी टोपणं, खुर्चीच्या पायांची,
रुंद तळाची,
नग चार,
मऊ जमिनीसाठी.