दहा सीसी

मला सीसी कळतात त्या सिरिंजमधून.
दोन, पाच, दहा.
मेडिकलच्या वॉर्डात नऊ वर्षं
टिचकी मारून बुडबुडा वर काढला,
एवढंच माझं इंजिनाचं शिक्षण.

म्हणून फत्तूभाऊ बोलला,
"सिस्टर, एकशेपंचवीस का एकशेपस्तीस, थे ठरवा आधी,"
तेव्हा मला मधली दहाच दिसली:
खोकल्याचं औषध, दोन चमचे,
झोपताना.

एवढ्यासाठी तीन रविवार गेले.

नंदनवनला फत्तूचं गॅरेज.
मे महिना, सकाळचे नऊ,
तरी टाकीला हात लावला की चटका.
पंचवीसवाली निखाडेकाकांची,
ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर,
सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, पिवळं पडलंय.
पस्तीसवाली काटोलच्या एका पोराची, एमएच चाळीस,
सायलेन्सर बदललेला,
चेनवर तेलाचा नवाकोरा थर,
पाहुणे येणार म्हणून पुसलेल्या फरशीसारखा.

फत्तू खाली बसला, धूर हुंगला,
किक मारून कान लावला
(आमचे मोठे डॉक्टर असे छातीला लावायचे, मशीन यायच्या आधी).
म्हणाला, "नंबरच्या मागं काहून लागता?
एकट्यानं चालवली तर दोघी सारख्याच.
मागं माणूस बसवा, चढ घ्या,
मंग बोला."

माणूस कुठून आणायचा?
निखाडेकाका स्वतःच बसले.
डोक्यावर हेल्मेट, त्याखाली दुपट्टा,
वजन विचारलं तर म्हणाले, बासष्ट, जेवणाआधी.

सेमिनरी हिल्सच्या चढावर गाडी
जरा दमली. बंद नाही पडली. दमली.
मागून काका म्हणाले,
"इथंच आमची ही विचारायची, उतरू का मी?
कधी उतरू नाही दिलं.
आता गुडघे गेले, तिला पायच टाकता येत नाही."
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
मी तिसऱ्याचा दुसरा केला.

पस्तीसवालीवर तो पोरगा मागं बसला.
चढ होता
हे मला उतरताना कळलं.

घरी येऊन वहीत गणित मांडलं.
आम्ही डोस वजनावर काढतो.
मुलगी आठवीत, अडतीस किलो,
वर्षाला चार वाढते, दप्तर वेगळं,
संक्रांतीला आईकडून येताना तिळाचा डबा, तो वेगळा.
दहावीपर्यंत हिशेब पस्तीसकडे झुकत होता.
ॲव्हरेज पंचवीसकडे.
सोसायटीचं कर्ज कुणाकडेच नाही, ते फक्त व्याजाकडे.

फत्तूला म्हटलं, तुम्ही तरी सांगा.
"पोह्यावर तर्री किती घ्यायची
हे ठेलेवाला सांगते का?"
असं म्हणून त्यानं प्लग साफ करायला घेतला.

शेवटी ठरवलं ते पायांनी.
अजनीच्या सिग्नलला पस्तीसवर
माझ्या फक्त चवड्यांना जमीन लागली,
मागे ट्रकनं हॉर्न दिला, आणि पोटात गोळा.
पंचवीसवर दोन्ही टाचा
सपाट, डांबरावर, चपलेसकट.
सव्वापाच फुटांच्या बाईला
हे कुणी कागदावर लिहून देत नाही.

छत्तीस हजार मागितले, चौतीसला सुटली.
काकांनी किल्ली देताना कीचेन काढून घेतली,
मग काय वाटलं, परत लावली.
प्लास्टिक मात्र मी त्याच दिवशी फाडलं.

जूनमध्ये एकदा पोरीला घेऊन त्याच चढावर गेले.
शाळा सुरू व्हायची होती, मागं नवीन वह्यांचा गठ्ठा.
इंजिनानं तोच सूर लावला,
खालच्या पट्टीतला, कुरकुरणारा.
"आई, उतरू का गं?"

हिला कुणी शिकवलं?

"बस गप," म्हटलं,
आणि दुसरा टाकला.