वरची बाजू

मंगळवारी इशाची अजान झाली
की फुजैरात टायरवाल्याच्या माथ्यावरच्या गाळ्यात
फक्त बायकांचा वर्ग.
खिडक्यांना तपकिरी कागद, एसीला जुना खोकला.
मी सेहेचाळीस वर्षांची, दातांच्या दवाखान्यातली मदतनीस,
आणि माझ्या छातीखाली आडवी
शम्मा, वय एकोणीस, बंदरावरच्या कस्टमवाल्याची लेक.
मला ती ‘खालती’ म्हणते. अरबीत मावशी.
वर बसून ऐकायला मजा येते.

पहिले चार महिने मी नुसती धरत होते.
मनगट धर, कॉलर धर, दातावर दात.
ती कंबर उचलायची, कुशीवर व्हायची,
मध्ये गुडघा सारायची,
आणि मी छताचे डाग मोजत.

"अडवू नकोस," ज्यूसारा म्हणाली,
"कुठे निघालीय ते ऐक. तिच्या आधी जाऊन बस."

या सुटकेला इथे श्रिंप म्हणतात.
ऐकलं आणि हसूच आलं.
आचऱ्याला आई मागीलदारी सुंगटं निवडायची.
जिवंत सुंगट चिमटीत धरायला जा,
शेपूट मारून मागे उडतं.
मागेच, नेहमी.
आई दुसरा हात आधीच तिथे ठेवायची,
शेजारणीशी बोलता बोलता,
न बघता.

आता बरगड्यांनी ऐकते.
टाचा ढुंगणाशी ओढल्या, चटई किंचित कुरकुरली:
पूल येणार.
हात लांब पसरते, कपाळ टेकते,
तो उमाळा अंगाखालून जाऊ देते.
कोपर घुसवलं तर तेच कोपर
हळूच तिच्या कानापर्यंत सरकवते.
माझ्याकडे वळली, खांदा तिच्या गालावर.
पाठ फिरवली
तर तिच्याबरोबर फिरते,
दप्तर चिकटतं तशी.

आज पाच मिनिटं सगळं ऐकू आलं.
एकेक वाट, निघायच्या आधी.
शम्मा धापत होती, वेणी सुटलेली,
माझ्या घामाचे थेंब तिच्या भुवईत,
आणि मला, खोटं कशाला बोलू,
जरा मोठेपणा वाटला.

तेवढ्यात ती हलायची थांबली.
अगदी थांबली.
मला वाटलं, दमली पोर.
वजन तसूभर उचललं,
विचारायला, बरी आहेस ना.

छताला चौथा डाग पडलाय, एसीच्या कडेला.

"खालती?" ती वरून म्हणाली, घाबरून,
"लागलं नाही ना?"

नाही गं.
आहे. इथेच आहे.
खालती.