सिल्व्हिया

भिवंडीच्या गोदामात ताडपत्रीखाली
आठ वर्षं बसून होती.
कुणी डॉक्टर जपानहून परतताना घेऊन आलेला,
मग त्याची कंबर गेली, मग तोच गेला,
मग मुलांची वाटणी.
ताडपत्री ओढली तर सीटवर उंदराचं घरटं
आणि मागे डिकीवर नाव,
एकही अक्षर न गळालेलं.

भाव मी पापलेटचा करतात तसा केला.
आधी नाक मुरडलं, मग पाठ फिरवली,
मग चौथ्या पावलावर थांबलो.
बहिणीला आकडा सांगितला
एक शून्य कमी करून.

टेम्पोवर चढवून माहूलला आणली.
आई दारात सुकट निवडत होती.
"नाव काय म्हनलास?"
"सिल्व्हिया."
"खिरिस्ताव हाय?"

नवी बॅटरी घातली, चावी फिरवली.
इंजिनाआधी एक बाई बोलली,
डॅशबोर्डाच्या पोटातून,
जपानीत, फार अदबीने, एकच वाक्य.
"हां गो बाय," आई म्हणाली,
आणि परत सुकटीकडे वळली.

मग कालिन्याच्या इग्नेशियसने तिला उघडलं.
टर्बो होता मुठीएवढा,
बसवला सोललेल्या नारळाएवढा.
इंटरकूलर कुर्ल्याच्या भंगारातला,
कुठल्या ट्रकच्या छातीतून काढलेला देव जाणे.
पाइप लेथवर, क्लच दुबईहून कुणाच्या तरी बॅगेत,
स्प्रिंगा इतक्या कापल्या
की आता गतिरोधकावर ती खेकड्यासारखी तिरकी चढते
आणि मागचे रिक्षावाले
माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करतात.
"ह्या बाईची वायर पण कापू?" इग्नेशियसने विचारलं.
पक्कड हातातच होती.
मी म्हटलं, राहू दे.

बाबांचा उजवा कान होडीच्या इंजिनाने खाल्ला,
तेही जपानीच होतं.
त्यांनी बॉनेटवर फक्त तळवा ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
"तिसऱ्यात दम नाय."
इग्नेशियस हसला.
उघडलं, तर तिसरा इंजेक्टर तुंबलेला.
तेव्हापासून तो बाबांना बसायला स्टूल देतो
आणि बिल मात्र मलाच.

पहाटे चारला फ्रीवेकडे निघालो.
बाबा लुंगीवर, चार पट्ट्यांच्या सीटमध्ये,
"मानसाला बांधून ठेवतात काय रे?"
पणजरापोळच्या बोगद्यात मी पाय दाबला.
एक क्षण काहीच नाही.
दुसराही क्षण काहीच नाही.
मग पाठीमागून कुणी तरी सगळी खाडी ढकलली.
भिंतींनी आमचाच आवाज आमच्यावर फेकला.
बाहेर आल्यावर बराच वेळ ते गप्प.
डावीकडे रिफायनरीची ज्योत.
मग म्हणाले, "जाळ्यात घोळ लागतो ना, तसं.
आधी वाटतं, रिकामंच हाय."

आवाजाचं चलन दोनदा आलं. एक भरलंय.

भाची दादरला जपानी शिकते.
रविवारी पुढे बसली, चावी फिरवली, बाई बोलली.
"मामा, ती म्हणते, कार्ड घातलेलं नाही."
"कसलं कार्ड?"
"टोलचं. तिथल्या रस्त्यांचं."
"बस?"
"बस."

इग्नेशियसला वाटायचं, हळू चालव म्हणतेय.
मला काय वाटायचं ते राहू दे.
आईला सांगितलं. तिला काहीच फरक पडला नाही.
"बोलते ना? मंग झालं."

बाबा मात्र उठले, आत गेले,
मच्छीमारांचं ओळखपत्र घेऊन आले,
फोटोतले तेच डोळे, उन्हाला मिटलेले,
आणि स्टिअरिंगखालच्या फटीत
ते हळूच सरकवलं.
"फिरव आता."

फिरवली.
बाई थोडं थांबली.
मग एक नवंच वाक्य बोलली,
पहिल्यापेक्षा लांब.
भाची तोवर गेली होती.

"हां गो बाय," दारातून आई म्हणाली.