करकर

गिऱ्हाईक किमतीच्या आधी विचारतं,
वाजते का?
वाजते. माझा भाऊ तळाच्या दोन थरांत
विंचवाचं बी घालतो,
म्हणजे माणसाच्या चार पावलं पुढं
त्याचा आवाज पोचतो:
मी आलो, मी आलो, मी.

माझं काम वेणीचं. भिजवलेली वादी,
एक टोक दातांत, बाकीची बोटांत.
तेवीस वर्षं झाली,
जिभेला अजून हिरड्याची तुरट चव.

उरुसाच्या रात्री दर्ग्याच्या दाराशी
चपला सांभाळायला भाचा बसला होता,
सोबतीला मी, मांडीवर काम घेऊन.
शेकडो जोड. एकही बोलत नव्हता.

दस्तगीर बागवान आला. अकराचा डझन मोजणारा.
पायात आमचीच,
शिवाजी मार्केटात सगळ्यांत जोरात वाजणारी.
काढली. टोकन एकोणचाळीस.

आत कव्वाल एकच ओळ फिरवत होता,
पेटीचा भाता दमेकऱ्याच्या छातीसारखा,
ओळीतले शब्द झिजून गेले, नुसता ‘तू’ उरला,
तेव्हा दस्तगीर उठला.
उठला म्हणणं चूक. कुणी उठवलं, हेही खरं नाही.
उभं राहणं झालं, एवढंच.
टोपी पडली. खिशातली चिल्लर
फरशीभर घरंगळली, त्यानं पाहिलं नाही.
दोघांनी भोवती हातांचं कडं धरलं,
झेलायला. अडवायला नव्हे.

मी बघत होते.
मग कधीतरी ‘मी’ सुटलं, नुसतं बघणं राहिलं,
पुढं तेही आठवत नाही.

पहाटे मांडीवर वेणी तयार.
अशी गुंफण आमच्या घरात कुणाला येत नाही.
मलाही नाही. उलगडून शिकावी म्हटलं,
बोटं धजेनात.

दुपारी दस्तगीर आला, अनवाणी, तापलेला.
चप्पल चोरली म्हणाला, टोकन मुठीत धरून.
‘रात्री केवढं घुमलासा!’
‘कोण, मी? खांबाला टेकून झोपलो हुतो की.’
पायात घालून गेला.
गंगावेशीच्या वळणापर्यंत ऐकू येत होता.

भावानं वेणी उजेडात धरली,
बराच वेळ. मग विचारलं,
‘ही तू घातलीस?’

हो म्हणाले.
लगेच वाजलं.